उमेचे वधूप्रसाधन

कालिदासाच्या ‘कुमारसंभवा’चे आठ सर्ग रसिकांनी आपापसांत केव्हाच वाटून घेतले आहेत. पहिला सर्ग हिमालयवर्णनासाठी, तिसरा मदनदहनासाठी, पाचवा पार्वतीच्या तपासाठी आणि बटुवेषधारी शंकराशी झालेल्या तिच्या संवादासाठी. सहाव्या सर्गात अंगिरस ऋषी शंकराच्या वतीने मागणी घालीत असता पित्याशेजारी मान खाली घालून बसलेली पार्वती हातातल्या कमळाच्या पाकळ्या मोजू लागते. त्या एका श्लोकाला आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त उदाहरण म्हणून घेतले आणि तो रसिकांच्या ओठी कायमचा बसला. आठव्या सर्गातील देवदांपत्याचा शृंगार उचित की अनुचित, याचाही विचार त्याच ग्रंथात आहे. दोष आहे, पण कवीच्या शक्तीने तो झाकला जातो, असा आनंदवर्धनाचा निवाडा. राहता राहिला सातवा सर्ग. त्यात विवाह आहे, वरात आहे, वराला पाहण्यासाठी खिडक्यांकडे धावणाऱ्या नगरस्त्रिया आहेत. या सर्गाच्या आरंभी विवाहाच्या दिवशी सकाळी पार्वतीला न्हाऊमाखू घालून सजविल्याचे वीसबावीस श्लोकांचे वर्णन येते. त्याची वासलात बहुधा ‘अलंकारप्रचुर परंपरागत वर्णन’ एवढ्या चार शब्दांत लागते. परीक्षार्थी त्यातील उपमा पाठ करतो आणि हौशी वाचक पाने उलटून शंकराच्या वरातीला गाठतो.

ही उपेक्षा अन्यायाची आहे, असे आम्हांस वाटते. हे श्लोक म्हणजे दागिन्यांची यादी नव्हे. मुलगी ज्या सकाळी घराची असते आणि संध्याकाळी नसते, त्या सकाळी घरातील बायकांचे हात काय करतात, याचे ते काव्य आहे. त्याचा नायक वर नव्हे. आणि थोडे धाडस करून म्हणायचे तर त्याची नायिकाही वधू नव्हे. हे आमचे म्हणणे वाचकांस पटवून देण्यासाठी आम्हांस प्रथम तो सारा प्रसंग क्रमाने मांडावा लागेल. आम्ही पोटासाठी सरकारी कचेरीत कागदांचा क्रम लावीत बसणारी माणसे. कोणता कागद कोणत्या कागदाच्या वर आला, याकडे आमचे लक्ष सवयीनेच जाते. कालिदासाचा हा भाग वाचताना ही सवय कधी नव्हे ती उपयोगी पडली.

शुक्ल पक्षातील शुभ तिथीला हिमवानाने आपल्या बांधवांसह कन्येच्या विवाहविधीस आरंभ केला, येथून सर्ग सुरू होतो. ओषधिप्रस्थ नगरात घरोघरच्या गृहिणी या लग्नाच्या तयारीत अशा गढून गेल्या की नगर आणि राजाचे अंतःपुर मिळून जणू एकच कुटुंब झाले. राजमार्गावर फुले पसरली, चिनी रेशमाच्या पताका लागल्या, सोन्याची तोरणे झळकली. आईबापांना पुष्कळ अपत्ये होती. पण आज उमा एकटीच त्यांचा श्वास होऊन राहिली. ती जणू फार दिवसांनी दिसलेली, जणू मरणाच्या दारातून परत आलेली. नातेवाइकांच्या मांडीवरून मांडीवर ती फिरते, आशीर्वाद घेते, एकीकडून एक तर दुसरीकडून दुसरा दागिना घेते. एरवी नात्यानात्यांत विभागलेले साऱ्या कुळाचे प्रेम आज एकाच ठिकाणी येऊन साठते.

मग मैत्र मुहूर्तावर, चंद्र उत्तरा फाल्गुनीत असता, सवाष्ण आणि लेकुरवाळ्या आप्तस्त्रिया कामाला लागतात. तेलाचे अभ्यंग, अंगावर पांढरी मोहरी आणि दूर्वांचे कोंब, नेसूला रेशमी वस्त्र, हाती बाण. लोध्राच्या चूर्णाने तेल काढले जाते. चौखांबी न्हाणीघरात वाद्यांच्या गजरात सोन्याच्या घागरींनी स्नान होते. न्हाऊन शुभ्र वस्त्र नेसलेली उमा कशी दिसते? पाऊस पडून गेल्यावर काशाचे पांढरे तुरे फुललेली धरित्री दिसते तशी. मग सुवासिनी तिला वेदीवर नेऊन पूर्वाभिमुख बसवितात. केसांना धूप, मोहाची फुले आणि दूर्वा गुंफलेली माळ, अंगावर पांढरा अगरु आणि गोरोचन यांची नक्षी, कानावर जवाचे कोंब, ओठाला थोडे मेण, पायांना अळिता, डोळ्यांत काजळ. दागिने चढतात. उमा आरशात पाहते. शेवटी आई येते, टिळा लावते आणि हातात लोकरीचे मंगलसूत्र, म्हणजे कौतुकसूत्र किंवा आपल्या भाषेत कंकण, बांधते. कुलदेवतांना आणि वडीलधाऱ्या सुवासिनींना नमस्कार होतो. झाले.

आता या क्रमात तीन ठिकाणी काही तरी अडते, आणि आमच्या मते साऱ्या वर्णनाचा जीव त्या तीन जागी आहे.

पहिली जागा वेदीवरची. उमेला पूर्वेकडे तोंड करून बसविले, प्रसाधनाचे साहित्य हाताशी मांडलेले आहे, बायका समोर बसल्या आहेत; आणि काम सुरू होत नाही. न सजविलेल्या त्या रूपानेच त्यांचे डोळे धरून ठेवले. त्या क्षणभर थांबतात. टीकाकार येथे स्वाभाविक सौंदर्याला अलंकाराची अपेक्षा नसते, एवढे सांगून पुढे जातात. ते खरेच, पण कवीने तेवढेच सांगितलेले नाही. पाहणारे डोळे कोणाचे, हे त्याने नेमके सांगितले आहे. हे डोळे प्रियकराचे नाहीत, त्या घरच्या बायकांचे आहेत. तिला लहानाची मोठी होताना पाहिलेल्या बायका आज तिला प्रथमच पाहिल्यासारख्या पाहतात. उद्यापासून ती येथे नसणार, हे त्या थांबण्यात आहे आणि श्लोकात त्याविषयी एक अक्षर नाही.

दुसरी जागा पायांची. सखी अळिता लावून होताच थट्टेने आशीर्वाद देते की, या पावलाने पतीच्या मस्तकावरील चंद्रकलेला स्पर्श कर. उमा काही बोलत नाही. हातातील माळेने तिला मारते. साऱ्या प्रसाधनात वधूची म्हणून एवढीच कृती आहे. बाकी सर्व वेळ ती दुसऱ्यांच्या हाती आहे. जिने पाचव्या सर्गात ग्रीष्मात चार अग्नींच्या मध्ये उभे राहून सूर्याकडे पाहिले आणि बटूच्या शिवनिंदेला सडेतोड उत्तर दिले, ती येथे मुकी आहे. तिला बोलता येत नाही म्हणून नव्हे. घराच्या मायेपुढे तिने स्वखुशीने स्वतःला स्वाधीन केले आहे, म्हणून. माळेच्या त्या एका फटक्यात पाचव्या सर्गातली पार्वती अजून जागी असल्याची खूण पटते.

तिसरी जागा सर्वांत महत्त्वाची. आई मेना ओले हरताळ आणि मनशीळ दोन बोटांवर घेते, मुलीचे तोंड वर उचलते आणि विवाहाचा टिळा लावते. मुलीच्या यौवनाच्या पहिल्या खुणेबरोबर आईच्या मनात जो मनोरथ उगवला होता, तोच जणू तिने कपाळावर रेखला. हे सुद्धा तिला कसेबसेच जमते. आणि मग कंकण बांधताना डोळे पाण्याने भरल्यामुळे ते भलत्याच जागी बांधले जाते. जवळ असलेली दाई ते बोटांनी सरकवून योग्य जागी आणते.

मुहूर्त पाहून, दिशा पाहून, प्रत्येक द्रव्य आपापल्या स्थानी ठेवून चाललेल्या या निर्दोष विधीत एवढीच एक चूक कवीने होऊ दिली आहे. ती कोणाच्या हातून? जिचा हा समारंभ, जी विधींत सर्वांत जाणती, तिच्या हातून. सुगंध, नक्षी, अलंकार यांचा वीस श्लोकांचा पसारा कवीने या एका चुकीसाठी मांडला, असे आम्ही म्हटले तर अतिशयोक्ती होईल खरी. परंतु तो पसारा आधी नसता तर ही चूक आपल्या नजरेत भरली नसती, हे तर कोणीही मान्य करील. सर्व काही जागच्या जागी असते तेव्हाच एक वस्तू जागा सोडून गेलेली दिसते.

या आईचा पूर्वेतिहास कवीने विसरू दिलेला नाही. पहिल्या सर्गात त्याने सांगून ठेवले आहे की, ‘उमा’ हे नावच मुळी आईच्या नकारातून आले. तप नको ग, म्हणून तिने मुलीला अडविले, त्या उद्गारावरून. पाचव्या सर्गात तीच आई मुलीला पोटाशी धरून तपापासून परावृत्त करू पाहते आणि मुलगी ऐकत नाही. सहाव्या सर्गात मागणी येते तेव्हा हिमवान उत्तर देण्यापूर्वी मेनेच्या तोंडाकडे पाहतो. ती होकार देते. पण पुढे तिचे डोळे वाहू लागतात आणि अरुंधती तिला वराचे गुण, त्याला दुसरी पत्नी नसल्याचे, सांगून धीर देते. म्हणजे मुलीच्या नावापासून तिच्या कंकणापर्यंत या आईची एक सलग कथा काव्यात वाहत आली आहे. जिने एकदा शब्दाने अडविले, तिने आता शब्दाने होकार दिला आहे. परंतु हाताने अजून दिलेला नाही. भलत्या जागी बसलेले ते सूत्र म्हणजे तिचा शेवटचा, तिलाही न कळलेला नकार आहे, असे आम्ही समजतो.

आणि ते सूत्र जागेवर आणणारी दाई! प्रसाधनाला बसलेल्या बायका सवाष्ण आणि पुत्रवती असल्या पाहिजेत, हा नियम कवीने आरंभीच नोंदविला आहे. या नियमाने घरातील किती बायका त्या सकाळी दाराआड राहिल्या असतील, याचा विचार आजच्या वाचकाच्या मनात आल्यावाचून राहत नाही. त्या काळच्या चालीरीतींबद्दल कवीला दोष देण्याचे कारण नाही; पण चाल दिसते तेथे ती पाहिली पाहिजे. मात्र निर्णायक क्षणी ज्या बोटांनी काम निभावले, ती एका नोकर बाईची आहेत. तिच्या नवऱ्यामुलांविषयी कवी काही सांगत नाही आणि तिला नावही देत नाही. मानाच्या सर्व स्त्रियांना मागे ठेवून हे काम त्याने तिला दिले. हे तपशिलाचे भान केवळ संकेत पाळणाऱ्या कवीच्या ठायी असत नाही.

येथे आमच्या प्रतिपादनावर एक मोठा आक्षेप येईल आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. आरशात स्वतःला पाहून उमा शंकराच्या भेटीसाठी उत्सुक होते, त्या श्लोकाच्या अखेरीस कवीने एक सर्वसामान्य सिद्धांत जोडला आहे: स्त्रियांच्या वेषाचे फळ प्रियकराने पाहणे हेच होय. शिकल्यासवरल्या मुलींना आज हे वचन रुचत नाही आणि रुचावे असा आग्रहही कोणी धरू नये. स्त्रीने नटावे ते पुरुषाच्या डोळ्यांसाठी, एवढाच जर या सर्गाचा निष्कर्ष असेल, तर आम्ही वर मांडलेली सारी इमारत कोसळते.

पण तसे नाही. कालिदासाच्या श्लोकांच्या अखेरीस अशी सुभाषिते पुष्कळदा येतात. ती त्या त्या क्षणापुरती असतात. साऱ्या काव्याचा अर्थ त्यांत कोंबणे हा कवीवर अन्याय आहे. हे वचन ज्या जागी येते ती जागा पाहा. ते आईच्या येण्यापूर्वी येते. प्रसाधन जर प्रियकराच्या दृष्टीसाठीच असते, तर आरशाबरोबर ते संपायला हवे होते. पण आरसा पाहून झाल्यावर टिळा आहे, कंकण आहे आणि नमस्कार आहेत, आणि कवितेचा उत्कर्ष या उरलेल्या गोष्टींत आहे. काजळाच्या बाबतीत तर कवी स्पष्टच म्हणतो की, ते डोळ्यांची शोभा वाढविण्यासाठी घातले नाही, मंगल म्हणून घातले. ज्या सजावटीला शोभेचे कारणच नाही, ती पाहणाऱ्यासाठी कशी असेल?

शिवाय कवीने या चित्राला दुसरे चित्र जोडून दिले आहे. इकडे उमा सजते तेव्हा तिकडे कैलासावर मातृका शंकरापुढे वराचे अलंकार मांडतात. तो त्यांचा मान राखण्यासाठी अलंकारांना केवळ स्पर्श करतो. मग त्याचा नित्याचा वेषच पालटतो: भस्माची उटी होते, कपालाचा शिरोभूषणासारखा उपयोग होतो, गजचर्माचे रेशीम होते, तिसऱ्या डोळ्याचा टिळा होतो, साप दागिने होतात. आरसा म्हणून तो गणाच्या हातातील तलवारीत पाहतो. म्हणजे नटणे हे येथे केवळ स्त्रीचे काम नाही. वरालाही नटावे लागते. परंतु दोहोंत केवढे अंतर! शंकराला कोणाच्या हाताची गरज नाही. त्याच्या इच्छेने सर्व होते. उमेचे सर्व काही दुसऱ्यांच्या हातांनी होते. आमच्या मनात प्रश्न येतो: यांत श्रीमंत कोण? ज्याचे साप आपण होऊन दागिने होतात तो देव, की जिचे कंकण आईकडून चुकते आणि दाईकडून सुधारले जाते ती मुलगी? कवी उत्तर देत नाही. पण उमेला त्याने वीसबावीस श्लोक दिले आणि शंकराला सहासात, ही गणती बोलकी आहे.

आता स्थळाविषयी. हा विवाह डोंगरातला आहे आणि वधू पर्वताची मुलगी आहे. वैडूर्याची जमीन, सोन्याच्या घागरी, रत्नांचे खांब हे सर्व पाहून कोणी म्हणेल की, ही पर्वतकन्या नसून एखाद्या सपाट प्रदेशातील राजधानीची राजकन्या आहे. हा आक्षेप अर्धा खरा आहे. काव्याला राजवाड्याचा साज चढविण्याचा मोह कवीला आवरलेला नाही. मुखाला कमळ हरले आणि चंद्र हरला, फुललेली वेल, नक्षत्रांची रात्र, पक्ष्यांची नदी, फेसाळ क्षीरसागर, अशी उपमांची रांग लागते तेव्हा आमच्यासारख्याला काही उपमा गळाल्या असत्या तर बरे झाले असते असे वाटते. पावसानंतरच्या काशाच्या तुऱ्यांची एक उपमा या साऱ्यांना पुरून उरली असती.

परंतु सोन्याच्या घागरी बाजूला सारल्या की खाली डोंगर दिसतोच. आईने टिळ्यासाठी घेतलेली हरताळ आणि मनशीळ ही खनिजे आहेत. पहिल्या सर्गात हिमालयाचे वर्णन करताना कवीने सांगितले होते की, अप्सरांच्या शृंगाराला लागणारे धातू हा पर्वत आपल्या शिखरांवर बाळगतो. म्हणजे टिळा बापाच्याच अंगाच्या मातीचा आहे! कंकण सुती नाही, लोकरीचे आहे. कानावर जवाचे कोंब आहेत, केसांत दूर्वा आहेत. हातातील बाणालाही विशेष अर्थ आहे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात, वरच्या वर्णाच्या वराशी विवाह होताना क्षत्रिय वधूने बाण धरावा असे सांगितले आहे, त्याला तो धरून आहे. पण काव्याच्या वाचकाला तिसऱ्या सर्गातील दुसरा बाण आठवतो. जो मदनाने जोडला, पण सुटण्यापूर्वीच मदन जळून गेला. मदनाच्या बाणाने जे घडले नाही ते तपाने घडले, आणि आता बाण तिच्याच हाती विधीचा भाग म्हणून निमूट पडून आहे.

डोंगरातील वधूची सकाळ आजही पाहावयास मिळते. दिल्लीच्या सरकारी वसाहतींतून अल्मोडा आणि पौडीकडील कुटुंबे पिढ्यान्पिढ्या राहत आली आहेत आणि त्यांच्या घरची कार्ये शेजारच्या मराठी घरांना परकी नाहीत. गढवालात लग्नापूर्वी ‘बान’ असतो: बायका दूर्वांच्या जुडीने वधूच्या अंगाला तेल आणि हळद लावतात. दूर्वा कालिदासाच्याच. कुमाऊंत वधू पिवळ्या वस्त्रावर लाल ठिपके उठविलेला ‘पिछौडा’ घेते; त्याच्या मध्यभागी स्वस्तिक असते आणि त्याच्या चार घरांत सूर्य, चंद्र, शंख आणि घंटा. पूर्वी तो घरीच होत असे. कापड हळदीत रंगवायचे आणि नाण्याला फडके गुंडाळून एकेक लाल ठिपका उमटवायचा. आता बहुधा तो बाजारातून छापील येतो. उंबरठ्यावर आणि चौकीवर गेरूवर तांदळाच्या पिठाने ‘ऐपण’ रेखतात. आणि प्रत्येक मंगलकार्याच्या आरंभी घरच्या जाणत्या बायका ‘शकुनाखर’ गातात. गढवालात हेच काम ‘मांगल’ गीतांचे.

ही गाणी मनात घेऊन सातव्या सर्गाकडे परत वळले की कालिदासाची एक उणीव दिसते, आणि ती आम्ही उपमांच्या गर्दीपेक्षा मोठी समजतो. त्याने या बायकांना हात दिले, डोळे दिले, पण गळा दिला नाही. स्नानाच्या वेळी वाद्ये वाजतात. गाते कोणी नाही. आशीर्वाद आणि एक थट्टा यांपलीकडे कोणाचे शब्द ऐकू येत नाहीत. डोंगरातल्या खऱ्याखुऱ्या घरात प्रत्येक विधीला आपले गाणे असते. तेल लावताना निराळे, निरोप देताना निराळे. हाताचे काम आणि गळ्याचे काम बरोबर चालते, आणि डोळ्यांतले पाणी गाण्यात मुरते. मेनेला जर असे एखादे गाणे म्हणता आले असते, तर कदाचित तिचे कंकण चुकले नसते. पण मग आपल्याला तो श्लोकही मिळाला नसता. महाकवी आणि अनामिक गायिका यांच्यात हा असा देण्याघेण्याचा हिशेब आहे. एकाने दुसऱ्याला बाद करण्याचे कारण नाही.

मराठी वाचकाचे या पर्वतकन्येशी नाते केवळ पुस्तकी नाही. आपल्याकडे लग्नाच्या वेळी वधू मामाकडची पिवळी अष्टपुत्री नेसून गौरीहरापुढे बसते, अन्नपूर्णेला अक्षता वाहते आणि मामा तिला तेथून बोहल्यावर नेतो. गौरी आणि हर म्हणजे हेच सातव्या सर्गातले वधूवर. प्रत्येक मराठी नवरी बोहल्यावर चढण्यापूर्वी काही काळ एका डोंगरातल्या नवरीच्या सोबतीला बसत आली आहे. ‘भागवता’तील रुक्मिणीही लग्नाच्या दिवशी अंबिकेच्या देवळात जाते. तिच्या विवाहावर एकनाथांनी ‘रुक्मिणीस्वयंवर’ रचले ते १५७१ साली आणि काशीत. मराठीतील हे लाडके लग्नकाव्य महाराष्ट्राबाहेर सिद्ध झाले, ही गोष्ट महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणां वाचकांनी अभिमानाने लक्षात ठेवण्याजोगी आहे. लग्न जमावे म्हणून मुली त्याची पारायणे करीत; वाङ्मय आणि वधूची सकाळ यांचा संबंध आपल्या घरांत असा जुना आहे.

म्हणूनच हा प्रश्न आमच्या दृष्टीने केवळ रसग्रहणाचा राहत नाही. आजकाल वधूच्या सकाळी मोल देऊन सजविणारी बाई येते, दार लावून घेते आणि दोन घटकांनी नवरी तयार करून बाहेर पाठविते. काम सुबक होते, वेळेवर होते. आम्ही त्याला नावे ठेवीत नाही. बदलीच्या गावी, आप्त शेकडो कोसांवर असता, दुसरे करणार काय? परंतु सातव्या सर्गाच्या वाचकाने एवढे विचारावे की, या सुबक कामात कंकण चुकण्याला जागा उरली आहे काय? चूक करण्याचा अधिकार फक्त माया करणाऱ्याला असतो. मोलाच्या हाताला तो नसतो. म्हणून त्याच्याकडून चूक होत नाही, आणि म्हणूनच कोणाला ती हळूच सुधारावीही लागत नाही.

यावर निराश होण्याचेही कारण नाही, आणि तेही हाच सर्ग सांगतो. ओषधिप्रस्थातील साऱ्या गृहिणी हिमवानाच्या नात्यातल्या नव्हत्या. त्या शेजारच्या होत्या. त्या घरोघर कामाला लागल्या म्हणून नगराचे एक कुटुंब झाले. आधी कुटुंब होते म्हणून त्या कामाला लागल्या, असे कवीने म्हटलेले नाही. परमुलखातल्या मराठी घरी कार्य निघते तेव्हा वरच्या मजल्यावरची पौडीकडील बाई हळद कुटायला येते आणि समोरच्या घरची बंगाली बाई रांगोळीजवळ आपली ‘आल्पना’ काढते, तेव्हा हा श्लोक पुन्हा खरा होतो. नाते रक्ताचे नसेल. पण दाईचेही ते नव्हते.

‘कुमारसंभवा’च्या या भागाचे मोल आम्ही येथे लावतो. उपमांनी तो जड झाला आहे, राजवैभवाने झाकला गेला आहे, आणि एका सुभाषिताने पुष्कळ वाचकांना चुकीच्या वाटेला लावले आहे. तरीही त्यात असे दोन श्लोक आहेत, एक थांबलेल्या डोळ्यांचा आणि एक चुकलेल्या हातांचा, की ज्यांच्या तोडीचे माहेराचे चित्र संस्कृतात आम्हांस ‘शाकुंतला’च्या चौथ्या अंकाखेरीज अन्यत्र आढळले नाही. त्या अंकात निरोप देताना पित्याचा कंठ दाटतो आणि तो बोलून दाखवितो. येथे आई काही बोलत नाही, दोरा बांधते. शाकुंतलाच्या चार श्लोकांची कीर्ती जगभर झाली, ती योग्यच आहे. सातव्या सर्गातल्या या मुक्या आईलाही रसिकांनी आता तिच्या योग्य जागी आणावे.